हाताचा जोर जातो कुठे?

आजच्या बोलण्याला दोन्ही हात मोकळे लागतील. लसूण सोलत असाल तर दोन मिनिटं सूप बाजूला सरकवा. कणकेत हात असतील तर असू द्या, नंतर करून बघा.

उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा. आवळली? आता मनगटाकडे बघा. ते सरळ असेल, नाहीतर हाताच्या पाठीकडे थोडंसं उचललेलं असेल. तसं करा म्हणून कुणी शिकवलेलं नसतं, ते आपलं आपणच होतं. आता मूठ सोडा. मनगट आतल्या बाजूला, तळहाताकडे, जितकं मुडपेल तितकं मुडपा. तसंच मुडपलेलं ठेवून पुन्हा तेवढीच घट्ट मूठ आवळा. जमत नाही ना? बोटं कशीबशी मिटतात, पण नखं तळव्यात रुतत नाहीत. शेजारी मुलगी बसली असेल तर तिला त्या मुठीत पेन्सिल धरायला द्या म्हणावं आणि मग ओढून घ्यायला सांगा. अलगद निघून येईल.

हात तोच, बाई तीच, आणि मधे एक मिनिटसुद्धा गेलेलं नाही. मग जोर गेला कुठे?

हा प्रश्न आम्ही गंमत म्हणून घेतलेला नाही. आपल्या जुन्नर-आंबेगावात शेतावर राबणाऱ्या प्रत्येकीनं कधी ना कधी ऐकलेलं असतं की बायकांच्या हातात जोर नसतो. मजुरी ठरवतानाही हेच वाक्य पुढे केलं जातं. पुरुषाच्या शरीरात स्नायूंचं प्रमाण सरासरीनं जास्त असतं, हे खरं आहे. त्याच्याशी आमचं भांडण नाही. पण एकाच बाईच्या एकाच हातात मनगटाच्या एका वळणानं एवढा फरक पडत असेल, तर जोर नाही म्हणण्याआधी विळ्याची मूठ कशी आहे, कॅरेट किती खाली ठेवलंय आणि द्राक्षाचा मांडव किती उंच आहे, हे विचारायला हवं. आज त्याचंच बोलू.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. बोटं मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. डावा हात उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या जरा खाली ठेवा आणि उजवी मूठ आवळा-सोडा. हाताखाली काहीतरी टणक होतंय, पुन्हा मऊ पडतंय, हे लागेल. तो स्नायू. तिथून लांब दोऱ्या निघतात, मनगटावरून पुढे जातात आणि बोटांच्या हाडांना जाऊन चिकटतात. या दोऱ्यांना पुस्तकात कंडरा म्हणतात. म्हणजे दोरी बोटाला आणि ओढणारा लांब वर, कोपराजवळ. मनगट आत मुडपलं की दोरीची वाट आखूड होते, दोरी सैल पडते. सैल पडलेली दोरी ओढून घेण्यातच स्नायू आखडून बसतो. बोटं आवळायची वेळ येते तेव्हा त्याच्याजवळ आणखी आखडायला जागाच उरलेली नसते. शिवाय हाताच्या पाठीवरून येणाऱ्या, बोटं उघडणाऱ्या दोऱ्या त्याच वेळी ताणल्या जातात आणि बोटांना उलटं खेचतात.

स्नायूचा हा स्वभाव सगळ्या अंगभर सारखाच आहे. फार आखडलेला असताना तो जोर देऊ शकत नाही. फार ताणलेला असतानाही देऊ शकत नाही. मधल्या एका लांबीला तो सर्वांत जास्त ओढतो.

असं का, हे समजायला स्नायूच्या आत जावं लागेल. आपण मटण साफ करताना त्यातले रेषे बघतो. त्यातला एक रेषा घेऊन तो उभा चिरत चिरत गेलो, तर सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर आडवे पट्टे दिसतात. एका पट्ट्यापासून पुढच्या पट्ट्यापर्यंतची एक खोली, अशा खोल्यांची लांबच लांब चाळ असते. या खोलीचं नाव सार्कोमियर. ती एवढीशी असते की एका मिलिमीटरमध्ये अशा जवळजवळ चारशे बसतात. दंडातला बारा सेंटिमीटर लांबीचा एक धागा धरला तर त्यात पंचेचाळीस-पन्नास हजार खोल्या एकापुढे एक लागलेल्या असतात.

खोलीच्या मध्यभागी जाड काड्या असतात, त्या मायोसिनच्या. दोन्ही टोकांच्या भिंतींपासून बारीक काड्या आत येतात, त्या अ‍ॅक्टिनच्या. जाड काडीला बारीक बारीक हात असतात. रहाट नसलेल्या विहिरीतून पोहरा वर काढताना आपण कसं करतो? एक हात दोर धरून ओढतो, तोवर दुसरा पुढे जाऊन धरतो, मग पहिला सुटतो. मायोसिनचे हात नेमकं हेच करतात. बारीक काडी धरतात, ओढतात, सोडतात, पुढे धरतात. दोन्ही भिंती मध्याकडे ओढल्या जातात, खोली लहान होते, स्नायू आखडतो. काड्या स्वतः लहान होत नाहीत, नुसत्या एकमेकींवरून सरकतात.

आता दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून पाहा. नुसती टोकंच अडकवलीत आणि कुणी दोन्ही कोपरं बाहेर ओढली, तर पकड लगेच सुटते. बोटं अर्धी आत गेलेली असली तर पकड घट्ट. आणि पार मुळापर्यंत रुतली असली तर आणखी आत ओढायला वावच नाही. सार्कोमियरचंही असंच. स्नायू फार ताणला की बारीक काड्या बाहेर निघून येतात आणि मायोसिनच्या थोड्याच हातांना त्या सापडतात. बाकीचे हात रिकामे हलतात. मधल्या लांबीला सगळ्या हातांना धरायला काडी मिळते. फार आखडला की दोन्ही बाजूंच्या बारीक काड्या मध्यावर येऊन एकमेकींवर चढतात, जाड काड्या भिंतींना टेकतात, आणि ओढ तिथेच संपते.

ही सरकण्याची गोष्ट १९५४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी मांडली. एका गटात अँड्र्यू हक्सली होते, दुसऱ्यात ह्यू हक्सली. आडनाव एक, पण नातं काही नाही. पुढे १९६६ साली गॉर्डन, हक्सली आणि ज्युलियन या तिघांनी बेडकाच्या स्नायूचा एकच धागा घेऊन, त्याची लांबी थोडी थोडी बदलत प्रत्येक वेळी ओढ मोजली. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. बेडकाची खोली २ ते २.२ मायक्रॉन असताना ओढ सर्वांत जास्त निघाली. ३.६५ मायक्रॉनला ती शून्यावर आली, कारण तिथे जाड आणि बारीक काड्यांची गाठच पडत नाही. आपल्या बारीक काड्या बेडकाच्या काड्यांपेक्षा लांब, म्हणून माणसाचा चांगला टप्पा साधारण २.६ ते २.८ मायक्रॉनचा. आकडे विसरलात तरी चालतील. डोंगरासारखी आकृती डोळ्यासमोर ठेवा: एका बाजूनं चढ, मधे थोडं पठार, दुसऱ्या बाजूनं उतार. काम पठारावर व्हायला हवं.

हाताला याचा काय उपयोग, ते आधी बघू. मूठ सर्वांत घट्ट बसते ती मनगट पाठीकडे साधारण ३० ते ३५ अंश उचललेलं असताना. आता भात कापताना, गवत कापताना विळा कसा धरतो ते आठवा. पातं जमिनीलगत न्यायचं म्हणून मनगट आत मुडपतं, आणि त्याच क्षणी सर्वांत घट्ट धरून ओढायचं असतं. म्हणजे जोर लागतो तेव्हाच स्नायू आखडलेला. दिवसातून शेकडो वेळा असं झालं की संध्याकाळी कोपराखालचा भाग ठणकतो आणि भाकरी थापताना हात उचलत नाही. यावर उपाय आहे. मनगट वाकवायचं नाही, अवजार वाकवायचं. मूठ आणि पातं यांच्यामधला कोन लोहाराकडून थोडा बदलून घेतला की मनगट सरळ ठेवूनही पातं जमिनीलगत जातं. दातेरी विळा असेल तर ओढही कमी लागते. लोहार विळा शेवटायला घेतो तेव्हा घरातला माणूस उभा राहतो आणि सांगतो. त्या दिवशी आपणच जावं, आपला हात दाखवून सांगावं.

मुठीच्या जाडीचंही तेच गणित. खुरप्याची मूठ फार बारीक असेल तर बोटं फार मिटतात, स्नायू आखडतो. फार जाड असेल तर बोटं उघडी राहतात, स्नायू ताणलेला राहतो. दोन्हीत जोर कमी. बहुतेक हातांना तीन ते चार सेंटिमीटर व्यासाची मूठ बरी पडते. मोजपट्टी नको. मूठ धरल्यावर अंगठ्याचं टोक मधल्या बोटाच्या नखावर टेकलं की जाडी तुमच्या हाताची. बारीक असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, घामानं सटकतही नाही. जाड असेल तर कानसून घ्या. बाजारात मिळणारी अवजारं पुष्कळदा मोठ्या पंजाच्या हिशोबानं केलेली असतात, हे आमचं मत आहे. तुम्ही मुठीत धरून बघा आणि ठरवा.

धार काढतानाही मनगटाकडे लक्ष ठेवा. गाईपासून लांब बसलं की हात लांबवून मनगट खाली मोडतं. जवळ बसा, पाट थोडा उंच घ्या, मनगट सरळ ठेवा. आणि एक गोष्ट यातच सांगून टाकतो. मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू पुढे हाताकडे जातात. मनगट सारखं मुडपलेलं राहिलं की तो मज्जातंतू चेंबतो. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर बाम चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसाचा उंचवटा उतरायला लागला तर उशीर होतोय असं समजा.

आता पाठ. इथे गोष्ट जरा वेगळी होते, आणि आपल्या पश्चिम पट्ट्याला ती फार लागू आहे. डिंभ्याच्या आणि माणिकडोहाच्या पाण्यामागची गावं, आहुप्याकडची, भीमाशंकरकडची, नाणेघाटाकडची. तिथे आषाढात भाताची लावणी, कुणी आवणी म्हणतं. पावसात अंगावर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद, पाय चिखलात, गुडघे सरळ आणि कंबरेतून पुरतं वाकून दिवसभर. बाई म्हणते, वाकल्यावर काही वाटत नाही, उठतानाच कंबर धरते. ती अगदी बरोबर सांगत असते.

वाकायला सुरुवात केली की पाठीचे स्नायू काम करतात, अंग सावरून धरतात. पुरतं वाकल्यावर मात्र ते गप्प होतात. १९५० च्या दशकात लंडनमध्ये फ्लॉइड आणि सिल्व्हर या दोघांनी पाठीच्या स्नायूंतली विजेची हालचाल मोजून हे दाखवलं. मग अंगाचा भार घेतं कोण? ताणलेले स्नायू आणि मणक्यांना जोडून ठेवणारे अस्थिबंध. स्नायूत त्या ओढणाऱ्या हातांखेरीज टिटिन नावाचं एक प्रथिन असतं, ते स्प्रिंगसारखं वागतं. रबर ताणलं की ते आपण काही न करता मागे खेचतं, तसंच. म्हणून पुरतं वाकून राहणं सुरुवातीला फुकटचं वाटतं. स्नायू दमत नाहीत, कारण ते काम करत नाहीत.

पण फुकट काही नाही. अस्थिबंध सतत ताणले की हळूहळू सैल पडतात, जुन्या नाडीसारखे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात याचा एक प्रयोग झाला, तो १९९२ साली प्रसिद्ध झाला. माणसांना वीस मिनिटं पुरतं वाकवून बसवलं. सरळ झाल्यावर पहिल्या दोन मिनिटांत पाठीचा निम्मा ताठपणा परत आला, पण अर्ध्या तासानंतरही थोडं सैलपण शिल्लक होतं. वीस मिनिटांची ही गोष्ट. आपण तास तास वाकतो आणि लगेच रोपांच्या मुठींनी भरलेली पाटी बांधावरून उचलतो. पाठीला इजा होण्याची ही सर्वांत वाईट वेळ. मणके धरून ठेवणारे बंध सैल, आणि स्नायू ताणलेल्या लांबीला, म्हणजे डोंगराच्या उतारावर.

म्हणून लावणीच्या दिवसांत दोन गोष्टी. एक, ओळ संपेपर्यंत थांबू नका. मधेच उभं राहून, हात कंबरेवर ठेवून हळूच मागे झुका, चार श्वास घ्या, पुन्हा लागा. चारजणींनी मिळून ठरवलं तर मुकादमही काही बोलत नाही. दुसरं, वाकून झाल्याबरोबर जड उचलू नका. आधी बांधावरून थोडं चाला, चहा घ्या, मग पाटी. पाटी उचलणारी आणि लावणारी वेगळी ठेवता आली तर आणखी चांगलं. वाकताना गुडघे थोडे मोडले तर मांडीच्या मागचे स्नायू सैल पडतात आणि कंबर एवढी गोल होत नाही, पण चिखलात ते नेहमी जमत नाही, हे आम्हाला माहीत आहे. नेरळच्या सगुणा बागेतून पुढे आलेल्या सगुणा भात तंत्रात चिखलणी आणि लावणी नसतेच, गादीवाफ्यावर बी टोकतात. घरात याचा विचार चालला असेल तर खर्चाबरोबर आपल्या कंबरेचाही हिशोब मांडा. तो मांडायचं दुसऱ्या कुणाला सुचत नाही.

पूर्वेकडे आलं की पिकं बदलतात. नारायणगावच्या बाजाराला जाणारा टोमॅटो वीस किलोच्या कॅरेटमध्ये भरतात. भरलेलं कॅरेट जमिनीवर, आणि ते उचलायचं. पुरतं उकिडवं बसलेलं असताना मांडीचे पुढचे स्नायू फार ताणलेले असतात. गुडघा साधारण साठ-सत्तर अंशांत वाकलेला असताना, म्हणजे खुर्चीवरून थोडं उठल्यासारख्या अवस्थेत, त्यांचा जोर सर्वांत जास्त मोजला जातो. म्हणजे जमिनीपासून पहिला वीतभर उचलणं सगळ्यात अवघड, पुढचं सोपं. मग तो पहिला वीतभर टाळायचाच. रिकामं कॅरेट उलटं घाला, त्यावर भरायचं कॅरेट ठेवा. गुडघ्याच्या उंचीवरून उचललेले वीस किलो आणि जमिनीवरून उचललेले वीस किलो यांत खूप फरक पडतो. काट्यावर नसेल पडत, अंगावर पडतो. उचलल्यावर पोटाशी धरा, कोपरं काटकोनात. कोपर काटकोनाच्या आसपास असताना दंडाच्या स्नायूची लांबीही बरी असते आणि हाडाची तरफही सर्वांत फायद्याची असते. ही दोन कारणं वेगवेगळी आहेत आणि बहुतेक वेळा एकत्रच काम करतात. हात लांब करून धरलं की दोन्ही फायदे जातात.

द्राक्षाच्या बागेत उलटा त्रास. मणी विरळायच्या दिवसांत मांडवाखाली मान वर, हात डोक्याच्या वर आणि कात्री तासन् तास चालू. हात वर धरला की खांद्यावरचा स्नायू आखडलेल्या टोकाला जातो. तेवढाच हात तोलायला त्याला जास्त धागे कामाला लावावे लागतात, म्हणून लवकर भरून येतो. टोमॅटोची बांधणी वरच्या तारेवर करताना, हिरडा झोडताना तसंच. ज्या बाईची उंची कमी तिचा हात जास्त वर, म्हणून तिला जास्त त्रास. आणि म्हणतात काय, ती नाजूक आहे. तिला पायाखाली वीतभर उंचीची फळी किंवा घट्ट स्टूल द्या. कोपर खांद्याच्या खाली आलं की हात दुपारपर्यंत टिकतो. मालकालाही परवडतं, कारण घड कात्रीनं दुखावत नाहीत.

जाता जाता रात्रीचा पोटरीतला गोळा. पांघरुणाच्या वजनानं पाऊल खाली झुकतं, पोटरीचा स्नायू आखडलेल्या अवस्थेत पडून राहतो, आणि अशा आखडलेल्या स्नायूनं जरा जोर लावला की तो पेटतो, सुटत नाही. असाच गोळा जागेपणी आणून बघायचा असेल तर सरळ उभं राहा आणि हात न लावता टाच मागून ढुंगणाला लावायचा प्रयत्न करा. मांडीच्या मागे गोळा यायला लागेल, आणि टाच काही टेकणार नाही. हातानं पाय धरून ओढला तर तीच टाच आणखी वर जाते. म्हणजे अडथळा सांध्याचा नाही, स्नायूला आखडायला जागा उरत नाही हा आहे. रात्री गोळा आला तर गुडघा सरळ करून पावलाची बोटं आपल्याकडे ओढा. स्नायू लांब झाला की गोळा सुटतो. रोजच येत असेल, किंवा एका पायाला सूज आणि गरमपणा असेल, तर मात्र तपासून घ्या.

हृदयाचा स्नायूही या नियमातच बसतो. त्यात रक्त जास्त भरलं की त्याचे धागे ताणले जातात आणि पुढचा ठोका जास्त जोराचा पडतो. जर्मनीत ओटो फ्रँक आणि इंग्लंडमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांच्या नावानं हा नियम ओळखला जातो. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना पायांतून जास्त रक्त परत येतं आणि हृदय ते साठू न देता पुढे ढकलतं, त्यात या नियमाचाही वाटा असतो.

आता प्लास्टरबद्दल, कारण इथे घाबरून माणसं चुकीचं वागतात. हात मोडला, कोपर वाकवून सहा आठवडे प्लास्टरमध्ये ठेवलं, काढल्यावर हात सरळ होत नाही आणि जोरही नाही. हाड जुळलंय ना, मग असं का? १९७० च्या दशकात मांजरांच्या पोटरीच्या स्नायूवर प्रयोग झाले. स्नायू आखडलेल्या अवस्थेत चार आठवडे बांधून ठेवला तर त्याच्या धाग्यातल्या चाळीस टक्के खोल्या, ते सार्कोमियर, कमी झाले. ताणलेल्या अवस्थेत बांधला तर जवळजवळ वीस टक्के वाढले. स्नायू मिळालेल्या लांबीनुसार आपली चाळ लहान-मोठी करतो, म्हणजे त्या लांबीलाच त्याच्या काड्यांची गाठ नीट पडावी. प्लास्टर काढल्यावर स्नायू खरोखरच आखूड झालेला असतो, तो हट्टीपणा नसतो. पण त्याच प्रयोगात बंधन काढल्यावर सुमारे चार आठवड्यांत खोल्या परत भरून आल्या. म्हणून डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टनी दाखवलेला व्यायाम रोज, थोडा थोडा, दिवसातून अनेकदा करायचा. कुणाकडे नेऊन एका झटक्यात हात सरळ करून घ्यायचा नाही. नवीन खोल्या झटक्यानं बांधल्या जात नाहीत, झटक्यानं जुन्या फाटतात.

बाळंतपणाचंही याच नियमात येतं. शेवटच्या महिन्यांत पोटाचे स्नायू नेहमीच्या लांबीपेक्षा खूप ताणले जातात, मधला जोड रुंद होतो. बाळ झालं म्हणून ते दुसऱ्या दिवशी जुन्या लांबीवर येत नाहीत. पोटाचे स्नायू पुढून आणि पाठीचे मागून, असे दोघं मिळून कंबर तोलतात. पुढचा गडी उतारावर उभा असताना सगळा भार मागच्यावर पडतो, म्हणून बाळंतिणीची कंबर दुखते. कमजोरी मनाची नाही आणि खाण्याचा लाड केल्यानंही ती आलेली नाही. निदान पहिले आठ आठवडे हंडा, कॅरेट, सरपणाची मोळी तिच्याकडे नको, सिझेरियन झालं असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस नको. सासूबाई ऐकत असतील तर त्यांनाही हेच सांगणं आहे, आणि त्यांच्या वेळी त्यांना कुणी उचलू दिलं असेल तर ते बरोबर नव्हतं. बाळंतिणीनं उताणं झोपून, गुडघे मोडून, डोकं हळूच उचलावं आणि बेंबीच्या वर-खाली बोटं ठेवून बघावं. स्नायूंच्या मधे दोन बोटांपेक्षा जास्त खाच अजून लागत असेल तर आशाताईंना सांगून आरोग्य केंद्रात दाखवून घ्यावं. पोट आत घेऊन सावकाश श्वास सोडण्याचे सोपे व्यायाम तिथे दाखवतात, आणि उठताना आधी कुशीवर वळून मग हाताच्या आधारानं उठायचं, हे तर पहिल्या दिवसापासून करता येतं.